कॅसलरॉक : ७३ वर्षं परदेशाच्या उंबरठ्यावर उभं असलेलं स्टेशन

बेळगावहून गोव्याला जाणारी गाडी लोंढा सोडते, तिनईघाट मागे टाकते आणि मग दाट झाडीतल्या एका स्टेशनावर हमखास थांबते. पिवळ्या पाटीवर नाव असतं ‘कॅसलरॉक’. डब्यातली मुलं विचारतात, ‘दूधसागर आला का?’ मोठी माणसं सांगतात, ‘अजून नाही, आता घाट सुरू होईल.’ गाडीचे ब्रेक तपासले जातात, काही वेळाने शिट्टी होते आणि गाडी उताराला लागते. आजच्या प्रवाशाच्या लेखी कॅसलरॉक म्हणजे एवढंच.

पण हेच स्टेशन १८८८ पासून १९६१ पर्यंत आंतरराष्ट्रीय सरहद्दीवरचं स्टेशन होतं. याच्या पुढे घाटात ब्रिटिश हिंदुस्थानची हद्द संपायची आणि पोर्तुगालची सुरू व्हायची. इथे सामान उघडलं जायचं, इथे माणसं अडवली जायची आणि पुढे तर कित्येक वर्षं रूळ असूनही गाडी पलीकडे जात नव्हती. सरहद्द गेली, स्टेशन राहिलं. त्या सरहद्दीच्या स्टेशनाचा हा इतिहास.

थोडक्यात

ठिकाण : जोयडा तालुका (पूर्वीचा सुपा), उत्तर कन्नड जिल्हा, कर्नाटक
मार्ग : लोंढा–वास्को द गामा
लोंढ्यापासून अंतर : सुमारे २५ किलोमीटर
पुढची स्टेशनं : करंझोळ, दूधसागर, सोनावली, कुळे
गोव्याची रेल्वे खुली : १८८७–८८
सरहद्दीपार गाड्या बंद : १९५५
सरहद्द संपली : १९ डिसेंबर १९६१
सध्या : दक्षिण पश्चिम रेल्वे, हुब्बळ्ळी विभाग

करारातून निघालेली रेल्वे

गोव्यात रेल्वे आली ती गोव्याच्या लोकांनी मागितली म्हणून नव्हे. ती आली एका करारामुळे. २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात हिंदुस्थानातल्या व्यापारासंबंधी तह झाला. दोन्ही मुलखांमधली जकात उठवायची, माल खुला जाऊ-येऊ द्यायचा, असा त्याचा गाभा. मुरगावचं नैसर्गिक बंदर आणि त्याला हिंदुस्थानशी जोडणारी रेल्वे ही त्याच तहाची दुसरी बाजू.

ब्रिटिशांचं त्यात स्वतःचं गणित होतं. मिठावर त्यांचा मोठा कर होता आणि गोव्यात मीठ स्वस्त पिकत होतं. ते घाट चढून चोरून वर यायचं. तहानुसार गोव्यातल्या मिठाच्या उत्पादनावर ब्रिटिशांचं नियंत्रण आलं आणि त्याच्या बदल्यात पोर्तुगीज सरकारला दरवर्षी ४ लाख रुपये मिळू लागले. गोव्यातल्या मिठागरवाल्यांना हा सौदा चांगलाच झोंबला. रेल्वेचे रूळ पडायच्या आधीच तहाविरुद्ध नाराजी होती, ती या कारणाने.

रेल्वे बांधायला लंडनमध्ये ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे’ ही कंपनी निघाली. नावातला ‘गॅरंटीड’ हा शब्द महत्त्वाचा. भांडवल इंग्रजांचं, पण त्यावर ठरलेलं व्याज मिळेल याची हमी पोर्तुगीज सरकारची. म्हणजे गाडी भरून धावो की रिकामी, भागधारकांचे पैसे सुरक्षित आणि तूट आली तर ती पोर्तुगीज खजिन्याच्या माथी. पुढे नेमकं तेच झालं.

घाटाचं काम

१८८० च्या दशकाच्या सुरुवातीला काम सुरू झालं. मुरगाव ते सावर्डे हा सपाटीवरचा भाग १८८७ मध्ये खुला झाला. खरी कसोटी होती पुढच्या घाटाची. कुळे हे गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी, तर कॅसलरॉक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर. मधलं अंतर रेल्वेने जेमतेम २६ किलोमीटर. एवढ्या कमी अंतरात एवढी चढण म्हणजे ३७ फुटांना १ फूट, रेल्वेच्या हिशेबाने फारच तीव्र.

या घाटाला ‘ब्रागांझा घाट’ असं नाव पडलं, पोर्तुगालच्या तेव्हाच्या राजघराण्यावरून. डोंगराच्या कुशीत वळणं घेत, बोगद्यांमधून आणि पुलांवरून, आणि ३०० मीटरहून उंच असलेल्या दूधसागर धबधब्याच्या अगदी पोटातून ही लाइन काढली आहे. पावसाचा मारा विलक्षण. कॅसलरॉक परिसर हा कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या पट्ट्यात मोडतो. दरडी कोसळणं, माती वाहून जाणं, रूळ खचणं हे तेव्हाही होतं आणि आजही आहे. दर पावसाळ्यात एकदा तरी ‘घाटात दरड, गाड्या रद्द’ ही बातमी येतेच.

वरच्या बाजूने सदर्न मराठा रेल्वे कंपनीने हुबळी–लोंढा मार्ग आणला. दोन्ही बाजूंचे रूळ मीटरगेज, त्यामुळे गाडी बदलायची गरज नव्हती. १८८८ मध्ये दोन्ही मार्ग जोडले गेले आणि मुरगावचं बंदर थेट दख्खनच्या पठाराशी जोडलं गेलं. गोव्याच्या हद्दीतली लाइन ८२ किलोमीटरची. दोन कंपन्या, दोन राज्यकर्ते आणि दोन कायदे जिथे भेटत होते ते ठिकाण म्हणजे कॅसलरॉक. जंगलात वसलेल्या या जागेला एरवी कुणी विचारलंही नसतं.

खुली सरहद्द, फक्त चार वर्षं

इथे या स्टेशनाच्या कहाणीतला पहिला पेच आहे. रेल्वे बांधली ती जकात नसलेल्या खुल्या सरहद्दीसाठी. पण तहाची मुदत होती १२ वर्षांची. मुदत संपल्यावर ब्रिटिशांनी तो पुढे चालवला नाही आणि जानेवारी १८९२ मध्ये तह संपुष्टात आला.

म्हणजे बघा, रूळ जोडले गेले १८८८ मध्ये आणि ज्या कारणासाठी जोडले ते कारण संपलं १८९२ मध्ये. कॅसलरॉक हे नुसतं वाटेवरचं स्टेशन म्हणून जगलं ते अवघी चार वर्षं. त्यानंतर ते झालं जकातीचं नाकं.

दुसरा फटका व्यापाराचा. धारवाड, हुबळी, गदग, बेळगाव भागातला कापूस मुरगावहून जहाजात चढेल अशी कल्पना होती. पण त्याच सुमारास बेळगाव–मिरज–पुणे रेल्वेमार्ग पुरा झाला. माल थेट मुंबईला जाऊ लागला. मुंबईत बाजार, पेढ्या, दलाल, जहाजं सगळंच होतं. शिवाय मुंबईच्या वाटेवर जकातीचं नाकं नव्हतं. मग व्यापारी मुरगावला कशाला जाईल?

रेल्वेचं उत्पन्न अपेक्षेच्या फार खाली राहिलं. हमीपोटीचं व्याज पोर्तुगीज सरकार भरत राहिलं आणि गोव्याच्या तिजोरीवर त्याचं ओझं पिढ्यानपिढ्या राहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मार्ग चालवण्याचं काम सदर्न मराठा रेल्वेकडे गेलं. १९०८ मध्ये तीच कंपनी मद्रास कंपनीशी एक होऊन ‘मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे’ झाली. जुनी माणसं ‘एमएसएम’ म्हणायची ती हीच. जमीन पोर्तुगालची, भांडवल लंडनचं, गाड्या हिंदुस्थानातल्या कंपनीच्या, असा तो तिहेरी कारभार होता.

दोन वेळा उघडणारी ट्रंक

माल कमी झाला तरी माणसं मात्र येत-जात राहिली. ही लाइन जगली ती प्रवाशांवर.

गोव्यातून मुंबई, पुणे, बेळगाव, धारवाडला नोकरीसाठी आणि शिक्षणासाठी जाणाऱ्यांची संख्या मोठी होती. कुणी बोटीवर खलाशी, कुणी स्वयंपाकी, कुणी वाजंत्री, कुणी कारकून. मुंबईला जायला बोट होतीच, पण पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद. अशा वेळी वाट एकच, मडगावहून कुळे, कॅसलरॉक, लोंढा, मिरज, पुणे करत मुंबई. उलट दिशेने घाटमाथ्यावरची माणसं मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा अशा कुलदैवतांना खाली उतरायची. सोयरिकी दोन्हीकडे होत्या. बेळगाव, खानापूरच्या घरात गोव्याची सून आणि फोंडा, डिचोलीच्या घरात बेळगावची, हे काही नवल नव्हतं. भाषा कोकणी असो की मराठी, देवघर, लग्नकार्य, नाटक आणि भजन यांची देवाणघेवाण अखंड चालू होती.

या सगळ्यांना दोनदा थांबावं लागायचं. एका बाजूची तपासणी कॅसलरॉकला, दुसऱ्या बाजूची कुळ्याला. ट्रंका, वळकट्या, फळांच्या करंड्या, लग्नाचं सामान, सगळं फलाटावर उतरवून उघडायचं, दाखवायचं आणि पुन्हा बांधायचं. गोव्यात परदेशी माल स्वस्त मिळायचा, त्यामुळे वर चढणाऱ्या गाडीची झडती जास्त कडक. भर पावसात, कंदिलाच्या उजेडात हा सोपस्कार तासन् तास चालायचा. अंतर लहान, पण प्रवास मोठा व्हायचा तो याच कारणाने.

कॅसलरॉकची वस्तीही याच कामावर उभी राहिली. रेल्वेचे कर्मचारी, कस्टमचे शिपाई, इंजिनवाले, गँगमन, हमाल आणि त्यांना लागणारी दुकानं. आसपासच्या डोंगरातलं लाकूड आणि मँगनीज यांचीही भर होती. एरवी दहा-वीस घरांचं राहिलं असतं असं ठिकाण सरहद्दीमुळे बऱ्यापैकी मोठं रेल्वे-गाव झालं.

फलाटावरची अटक

१९४६ मध्ये या लाइनीने राजकारणाची हवाही खाल्ली. १८ जून १९४६ रोजी डॉ. राम मनोहर लोहिया यांनी मडगावात बंदीहुकूम मोडून सभा घेतली आणि गोव्याच्या मुक्तिलढ्याला नवी धार आली. त्यांना पकडून गोव्याबाहेर सोडण्यात आलं. सप्टेंबरअखेर ते पुन्हा गोव्यात निघाले ते रेल्वेनेच. कुळे स्टेशनवर पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना अटक केली, काही दिवस आग्वादच्या तुरुंगात ठेवलं आणि मग हद्दीबाहेर काढलं.

सरहद्दीचं स्टेशन म्हणजे काय, हे या एका प्रसंगातून कळतं. कॅसलरॉकला माणूस डब्यात बसलेला असतो तेव्हा तो एका कायद्याखाली असतो. तासाभराने कुळ्याला उतरतो तेव्हा दुसऱ्याच कायद्याखाली. सभेला, वर्तमानपत्राला, साध्या पत्रकालाही परवानगी लागावी अशी तिकडची राजवट होती. त्यामुळे झडती नुसत्या मालाची नव्हती, कागदांचीही होती.

१५ ऑगस्ट १९४७ ला कॅसलरॉकवरचा झेंडा बदलला. कुळ्यावरचा बदलला नाही. देश स्वतंत्र झाला, पण घाटातली सरहद्द जशीच्या तशी राहिली. फक्त ब्रिटिश आणि पोर्तुगीज यांच्यामधली होती ती आता भारत आणि पोर्तुगाल यांच्यामधली झाली.

रूळ आहेत, गाडी नाही

१९५४ पासून भारत आणि पोर्तुगाल यांच्यातले संबंध बिघडत गेले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशभरातून आलेले सत्याग्रही वेगवेगळ्या ठिकाणांहून गोव्याच्या हद्दीत शिरले. पोर्तुगीजांनी गोळीबार केला. पत्रादेवी इथे कर्नैलसिंग बेनीपाल यांच्यासह अनेकांना हौतात्म्य आलं. त्याच वर्षी भारताने गोव्याशी असलेला रेल्वे संपर्क तोडला आणि आर्थिक नाकेबंदी केली.

कॅसलरॉकहून खाली जाणारी गाडी थांबली. ६७ वर्षं चाललेली वाट बंद पडली. गोव्याच्या हद्दीतली रेल्वे पोर्तुगीज प्रशासनाखाली वेगळी चालू राहिली. खनिज वाहून मुरगावला नेणं हे तिचं मुख्य काम झालं. वरच्या बाजूला कॅसलरॉक हे शेवटचं स्टेशन बनलं. मधल्या घाटात शुकशुकाट.

नाकेबंदीचा त्रास दोन्हीकडे झाला. बेळगावची भाजी, कांदे-बटाटे, धान्य, गुरं हे गोव्याच्या बाजाराचं नेहमीचं सामान. ते थांबलं तेव्हा गोव्यात बटाटे युरोपातून आणि तांदूळ पाकिस्तानातून यायला लागले. इकडे बेळगाव, खानापूरच्या व्यापाऱ्यांचं हक्काचं गिऱ्हाईक गेलं. पण सगळ्यात जास्त भोगलं ते घरांनी. मुंबईतला मुलगा आणि गोव्यातली आई, बेळगावातली लेक आणि फोंड्यातलं माहेर, यांच्यामध्ये परवाने, ठराविक नाकी आणि पायपीट आली. मुंबईहून घरी पैसे पाठवणंही मुश्किल झालं. पूर्वी एका रात्रीच्या गाडीत होणारी भेट काहींच्या नशिबी वर्षानुवर्षं आली नाही.

याच बंदीच्या काळात कॅसलरॉकचं राज्यही बदललं. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव आणि कारवार हे जिल्हे मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. त्यानंतर सीमाभागात जो लढा उभा राहिला तो सर्वांना ठाऊक आहे. कॅसलरॉकपुरतं बोलायचं तर एका बाजूची सरहद्द बंद असतानाच दुसऱ्या बाजूला नवी हद्द आखली गेली. आधी मुंबई राज्यातलं टोकाचं स्टेशन होतं, ते आता म्हैसूर राज्यातलं टोकाचं स्टेशन झालं.

सरहद्द संपली

१८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे ‘ऑपरेशन विजय’ सुरू झालं. त्याची मुख्य जमवाजमव बेळगाव परिसरात झाली होती. १९ डिसेंबरला पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासाल्लो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. साडेचारशे वर्षांची राजवट जेमतेम दोन दिवसांत गेली आणि तिच्याबरोबर कॅसलरॉकची आंतरराष्ट्रीय सरहद्दही.

१९६२ मध्ये घाटातून पुन्हा गाड्या धावू लागल्या. आता कुळ्याला ट्रंक उघडायची गरज नव्हती. पण ज्या कामावर कॅसलरॉक मोठं झालं होतं ते कामही राहिलं नाही. कस्टम गेलं, तपासणी गेली, प्रवाशांचा तासन् तासांचा मुक्काम गेला आणि त्यावर चालणारी दुकानदारीही आटली. स्वातंत्र्याचा आनंद सगळ्यांना होताच, पण एका गावापुरतं पाहिलं तर त्याची रोजीरोटी सरहद्दीबरोबरच संपली.

मीटरगेज मात्र तीन दशकं आणखी टिकलं. मिरजेला किंवा लोंढ्याला गाडी बदलून गोव्याला उतरणं हे १९८० च्या दशकापर्यंत अनेकांच्या आठवणीतलं आहे. १९९० च्या दशकात हा मार्ग ब्रॉडगेज झाला. त्याच काळात कोकण रेल्वे बांधली गेली आणि २६ जानेवारी १९९८ रोजी ती पूर्णपणे खुली झाली. मुंबई–गोवा प्रवासाचा मुख्य ओघ किनाऱ्याकडे वळला. घाटाकडे राहिल्या त्या बेळगाव, हुबळी, बंगळूर, पुणे, दिल्लीकडच्या गाड्या आणि मालगाड्या. वास्कोहून दिल्लीला जाणारी गोवा एक्सप्रेस आजही याच घाटातून जाते.

आजचं कॅसलरॉक

आज स्टेशनाभोवतीचं जंगल काळी व्याघ्र प्रकल्पाच्या परिसराला लागून आहे आणि घाटाखालचं जंगल म्हणजे गोव्यातलं मोलेम राष्ट्रीय उद्यान. पावसाळ्यात इथे तरुणांची झुंबड उडते. २०१३ च्या ‘चेन्नई एक्सप्रेस’ या हिंदी सिनेमानंतर दूधसागर घराघरात पोचला आणि रुळांवरून चालत धबधबा गाठणाऱ्यांची संख्या वाढली. अपघात व्हायला लागल्यावर रेल्वेने रुळांवरून चालायला बंदी घातली. आता असे लोक पकडले की दंड होतो.

मालगाड्यांसाठी इथे अजूनही जादा इंजिनं लागतात. चढताना मागून रेटायला आणि उतरताना धरून ठेवायला. घाटात लाइन एकच, त्यामुळे एका गाडीसाठी दुसरीला थांबावं लागतं. म्हणून मार्ग दुपदरी करण्याची योजना आली. बंदरातून वर जाणारा कोळसा हा त्यामागचा मोठा भाग, असा गोव्यातल्या आंदोलकांचा आक्षेप. मोलेमचं जंगल तुटेल म्हणून २०२० पासून तिथे मोठा विरोध झाला. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द ठरवली. रेल्वेच्या दृष्टीने वाहतूक महत्त्वाची, गोव्यातल्या लोकांच्या दृष्टीने जंगल आणि पाणी महत्त्वाचं. घाटावरच्या बेळगाव, हुब्बळ्ळीकडच्या प्रवाशाला जादा गाड्या हव्या आहेत, हेही तितकंच खरं. दीडशे वर्षांपूर्वी रेल्वे कुणासाठी, असा प्रश्न मिठागरवाल्यांनी विचारला होता. तो प्रश्न वेगळ्या रूपात अजून तिथेच आहे.

या इतिहासाची दखल घेणारं प्रवाशाला दिसेल असं फारसं काही वाटेत नाही. आणि ज्यांनी कॅसलरॉकला ट्रंक उघडली, कुळ्याला पुन्हा उघडली, ती माणसं आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. बेळगाव, खानापूर, मडगाव, फोंडा, पुणे, मुंबईतल्या अनेक घरांत अशी एखादी आजी किंवा आजोबा असतील. गाडी कॅसलरॉकला थांबते तेव्हा त्यांना एकदा विचारायला हवं, ‘तुमच्या वेळी इथे काय व्हायचं?’ कारण घाटातली ती रेषा आता कुठल्याच नकाशावर परदेशाची म्हणून दिसत नाही. ती राहिली आहे ती फक्त त्यांच्या आठवणीत.